कळीचा मुद्दा

मराठीत समीक्षकांच्या तावडीतून सुटलेलं असं आता फारसं काही उरलेलं नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, समीक्षेचीही समीक्षा होते. आणि लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याची समीक्षा तर वाढपी पुढच्या पानावर पोचायच्या आत होते. पण ज्या वस्तूवर सगळं सुशिक्षित जग दिवसभर बोटं आपटतं, त्या कळफलकाकडे मात्र आमच्या समीक्षकांनी ढुंकून पाहिलेलं नाही. वास्तविक जो घरोघरी असतो, ज्याच्यावरून रोज हात फिरतो आणि जो पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीच वाचलेला नसतो, त्याला आपण अभिजात ग्रंथ म्हणतो. त्या न्यायाने कळफलक हा ज्ञानेश्वरीच्या शेजारच्या फळीवर ठेवायला हवा. तेव्हा हे राहिलेलं काम एका बी. कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाने अंगावर घेतलं, तर साहित्यिकांनी रागावू नये. या विषयातला माझा अधिकार एवढाच, की गेली वीस वर्षं माझं पोट या कळांवरच चाललंय.

‘की’ला मराठीत ‘कळ’ म्हणणारा माणूस कोण होता ते ठाऊक नाही, पण दूरदृष्टीचा होता. कळ म्हणजे यंत्राची खुंटी, कळ म्हणजे पोटात उठते ती, आणि कळ म्हणजे नारद लावतो तीही. म्हणजे कळ दाबता येते, सोसता येते आणि लावताही येते. संगणकापुढे बसणाऱ्याला एका दिवसात हे तिन्ही अनुभव येतात.

आता आधी रचनेबद्दल. वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही अक्षरं या क्रमाने का, असं लहान मूल विचारतं आणि मोठी माणसं विचारायचं सोडून देतात. ही मांडणी अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर शोल्स या गृहस्थांच्या टाइपरायटरवरून आलेली. रेमिंग्टन कंपनीने तो १८७४ साली बाजारात आणला. त्या यंत्राला फक्त मोठी अक्षरं यायची, म्हणजे माणूस सतत ओरडून बोलतोय असं वाटावं. १८७८ च्या पुढच्या यंत्रात लहान अक्षरं आली आणि त्यांच्याबरोबर शिफ्ट आली. शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखरच सरकायचा, म्हणून ती शिफ्ट. आता काही सरकत नाही, पण नाव राहिलं. आमच्या बँकेत कोऱ्या भिंतीजवळच्या टेबलाला अजून ‘लेजर काउंटर’ म्हणतात, तसंच.

पुढे १९३६ साली ड्वोरॅक नावाच्या प्राध्यापकांनी बोटांना कमी पळवणाऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं. जग म्हणालं, “छान आहे हो,” आणि पुन्हा क्यू-डब्ल्यूवर बोटं ठेवून कामाला लागलं. कारण मांडणी कागदावर चांगली आहे की वाईट हा प्रश्नच नव्हता. ती हातात बसलेली होती.

रचनेनंतर पात्रं. या ग्रंथातली सर्वांत लोकप्रिय पात्रं म्हणजे कंट्रोलच्या जोडीने वावरणारी झेड, एक्स, सी आणि व्ही ही चार भावंडं: केलेलं मागे घे, काप, उतरवून घे, चिकटव. कापून चिकटवण्याची ही युक्ती झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात बसवली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या ‘लिसा’ संगणकावर या चार कळा अशा शेजारी शेजारी नांदू लागल्या. टेस्लर २०२० साली गेले. आपल्याकडे किती प्रबंध, किती प्रकल्प-अहवाल आणि किती अध्यक्षीय भाषणं या गृहस्थांच्या सी आणि व्हीवर उभी आहेत याचा हिशेब काढला, तर विद्यापीठाच्या आवारात त्यांचा अर्धपुतळा तरी बसवायला हवा.

दुसरं गाजलेलं पात्र म्हणजे कंट्रोल-आल्ट-डिलीट. १९८१ च्या आय.बी.एम.च्या संगणकासाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी ते लिहिलं. त्यांनी आधी एस्केप घेतली होती. पण ते तीनही एका डाव्या हाताने चुकून दाबले जाण्याची भीती, म्हणून तिसरी कळ पार पलीकडची, डिलीट, निवडली. बिल गेट्स यांनी २०१३ साली एका कार्यक्रमात सांगितलं, की विंडोजमध्ये शिरायला तीन कळा दाबायला लावणं ही चूक होती, एक कळ पुरली असती. शिरण्यापुरतं ते खरं असेल. पण संगणक पुन्हा सुरू करण्यापुरता मी ब्रॅडलींच्या बाजूचा. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक आमची आणि एक गिऱ्हाइकाची. ती गैरसोय नसून तीच सोय आहे. काही कळा मुद्दाम लांब ठेवायच्या असतात.

खलपात्रं तीन. पहिलं कॅप्स लॉक, जे ‘ए’ दाबताना करंगळीला लागतं आणि माणसाला एकदम १८७४ सालात नेऊन ओरडायला लावतं. दुसरं स्क्रोल लॉक. ते एक्सेलमध्ये चुकून लागलं की बाण दाबल्यावर चौकट जागची हलत नाही आणि सगळा तक्ताच सरकतो. म्हणजे आपण पाट पुढे ओढावा आणि पाट तिथेच राहून पंगत मागे जावी. तिसरं इन्सर्ट. ते लागलं की मधे एक अक्षर घालायला जावं तर पुढचं अक्षर नाहीसं होतं. गच्च भरलेल्या लोकलमध्ये चौथा माणूस टेकला म्हणून तिसरा अंतर्धान पावावा, तसा प्रकार. इन्सर्टबद्दलचं लोकमत हे असं आहे. माझा निकाल मी तूर्त राखून ठेवतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा ग्रंथ वाचकाला दुरुस्त करता येतो. ज्ञानेश्वरीतली ओवी मला पटली नाही तर मी गप्प बसतो. पण कॅप्स लॉक पटलं नाही तर मी त्याला बदलून कंट्रोलच्या कामाला लावू शकतो. बाणांच्या कळा दूर वाटल्या तर अक्षरांनाच बाणांचं काम देता येतं. यातही परंपरा आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ नावाचं लेखनसाधन ज्या यंत्रावर लिहिलं, त्या यंत्राच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. त्याचे बाण मात्र अजून पोरांच्या बोटांत आहेत.

मुळात ही कल्पना आपल्याला नवी नाही. प्रत्येक घरात मिसळणाचा डबा असतो. सात वाट्या. कुठल्या वाटीत मोहरी आणि कुठल्या वाटीत हळद, हे कुठल्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात सांगितलेलं नाही. ते त्या घरातल्या हाताने ठरवलेलं असतं. फोडणीचं तेल तापलं की डोळे गॅसकडे, कान शिट्टीकडे, तोंड माझ्याशी भांडायला मोकळं आणि हात बरोबर मोहरीत. ज्याला इंग्रजीत शॉर्टकट म्हणतात तो हाच. तेव्हा वाट्या आपल्या हाताप्रमाणे लावून घेण्याला माझा संपूर्ण पाठिंबा आहे. मात्र दुसऱ्याच्या डब्यात मोहरीच्या जागी मेथी भरून ठेवणाऱ्याला माझा पाठिंबा नाही, मग तो कितीही हुशार असो.

आमच्याकडे इंजिनिअरिंगला असलेला भाचा राहतो. तो हुशार आहे. घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे तिघे. एकदा त्याच्या लक्षात आलं, की उजवीकडची शिफ्ट त्याच्या हाताला कधीच लागत नाही. पडीक जमीन दिसली की बिल्डरचे डोळे लकाकतात तसे त्याचे लकाकले. मायक्रोसॉफ्टची ‘पॉवरटॉइज’ नावाची फुकट हत्यारांची पेटी मिळते, त्यात कळांची अदलाबदल करायची सोय आहे. तिच्या साह्याने त्याने ती शिफ्ट कंट्रोलला देऊन टाकली आणि कॉलेजला निघून गेला.

सौ. आमच्या सोसायटीची चिटणीस. ती मराठी टंकते सरकारमान्य इनस्क्रिप्ट पद्धतीने. या मांडणीत मोठी तर्कशुद्धता आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. ‘क’चा ‘ख’, ‘त’चा ‘थ’, ‘द’चा ‘ध’. पाणिनी पाहता तर पाठ थोपटता. सौ.ला शिफ्ट लागते ती नेमकी उजवी. त्या दुपारी ती गच्चीच्या गळतीची नोटीस लिहायला बसली.

‘गळती’तला ‘ळ’ काढायला तिने शिफ्ट दाबली. ती आता कंट्रोल. आणि ‘ळ’ बसतो इंग्रजी एनवर. कंट्रोल-एन! नोटीस गेली मागे आणि कोरा कागद पुढे आला. तिने ‘थकबाकी’ लिहायला घेतली, तर ‘थ’च्या जागी काहीच न उमटता मधोमध असलेला मजकूर डावीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. ‘खर्च’ म्हणताच यंत्राने दुवा कुठला जोडायचा ते विचारलं. ‘धनादेश’ म्हणताच घरातल्या सगळ्या फायलींची यादी उघडली. ‘घर’ म्हणावं तर पुढचं सगळं तिरकं. आणि ‘माझ्या’तल्या ‘झ’ने तर छापू का, म्हणून विचारलं. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा नोटिशीत उरलेली सगळी अक्षरं अल्पप्राण होती आणि सौ. महाप्राण.

“मामी, उजवी शिफ्ट कोण वापरतं आजकाल?” भाचा म्हणाला.

“मी वापरते.”

“पण ते एफिशियंट नाही, मामी.”

“बाळा, उद्या सकाळी मी चहाच्या डब्यात जिरं भरून ठेवते. तुझा चहा किती एफिशियंट होतो बघू.”

यापुढच्या चर्चेत मी भाग घेतला नाही. पण समीक्षक म्हणून सांगतो, सौ.चा मुद्दा बिनतोड होता.

भाचा तरी घरचा. बोलावून दटावता येतो. आमच्या कचेरीतली संगणकप्रणाली एका सोमवारी बदलली, तेव्हा दटावायला कुणी समोर नव्हतं. शुक्रवारपर्यंत जी कळ ‘नोंद पक्की कर’ म्हणत होती, ती सोमवारी ‘पडदा साफ कर’ म्हणू लागली. परिपत्रक आलं होतं. बावीस पानी, इंग्रजीत, शनिवारी रात्री. आमच्या रोखपालांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. हे गृहस्थ गिऱ्हाइकाच्या नातीच्या लग्नाची चौकशी करता करता नोंद करायचे आणि त्यांची बोटं कळफलकावर गवयाच्या पेटीवाल्यासारखी चालायची. मान खाली घातलेली मी कधी पाहिली नाही. त्या सोमवारी ते एका बोटाने, चष्मा वरखाली करत, प्रत्येक कळेचं नाव वाचत बसले होते. पेन्शनचा दिवस. रांग दाराबाहेर. पूर्ण भरलेली नोंद तीनदा पुसली गेली. खिडकीशी उभे असलेले एक पेन्शनर काळजीने म्हणाले, “काय हो, आज हाताला बरं नाही का?”

“हात बरा आहे, काका,” रोखपाल म्हणाले. “हाताची अक्कल तेवढी काढून घेतलीय.”

हे ऐकून शाखा हसली, पण त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. हातात मुरलेलं ज्ञान ही माणसाची ठेव असते. वीस वर्षं रोज थोडी थोडी भरलेली आवर्ती ठेव म्हणा. खातेदाराच्या सहीशिवाय ठेव मोडली तर रिझर्व्ह बँकेपर्यंत तक्रार जाते. ही ठेव एका रविवारी मोडली गेली आणि पावतीसुद्धा मिळाली नाही. ज्यांनी मोडली त्यांच्या दृष्टीने ती ‘सुधारणा’ होती, आणि नवी मांडणी कदाचित खरोखर जास्त शहाणीही असेल. ड्वोरॅकसाहेबांचीही होती. पण त्यांनी निदान लोकांच्या टेबलावरची यंत्रं रात्रीतून बदलली नाहीत.

म्हणून माझ्या मते या साऱ्या वाङ्मयातलं उत्तम पान कुठलं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्ट वर्डमधली कळा बदलायची छोटी चौकट. ती सहजी सापडत नाही. फाइल, मग ऑप्शन्स, मग कस्टमाइझ रिबन, आणि तिथे तळाशी, मालमत्तेच्या जाहिरातीतल्या बारीक अटींसारखी. पण सापडली की ती तीन गोष्टी अशा करते, की त्या माणसांनीही कराव्यात. आपण नवी कळ दाबली की ती आधी सांगते, ही कळ सध्या अमुक कामाकडे आहे. म्हणजे जागेवर कुणाचं बिऱ्हाड आहे ते कळतं. मग विचारते, हा बदल कुठे ठेवायचा, सगळीकडे की फक्त या कागदापुरता. आणि एका कोपऱ्यात बटण ठेवते: सगळं पहिल्यासारखं कर. राहणाऱ्याची चौकशी, कुंपणाची मर्यादा आणि परतीचं तिकीट. त्याच कंपनीच्या विंडोजवरच्या एक्सेलमध्ये अशी चौकटच नाही. तिथे आकड्यांच्या कळांवर नाहीतर मॅक्रोवर भागवावं लागतं. थोरल्या भावाला शेत आणि धाकट्याला नुसता बांध, असा हा न्याय.

या तीन अटींतली पहिली किती महत्त्वाची, ते आमच्या शाखेत इन्सर्टच्या निमित्ताने दिसलं. शेजारच्या काउंटरवरचे आमचे एक सहकारी इन्सर्टला इतके कंटाळले, की त्यांनी स्टेपलरच्या पिना काढायच्या चिमट्याने ती कळच उपटली आणि टाचण्यांच्या डबीत टाकली. नुसती आपलीच नव्हे, समाजसेवा म्हणून शेजारच्या रिकाम्या टेबलावरचीही उपटली. महिनाभराने त्या टेबलावर बदली होऊन एक दृष्टिहीन सहकारी आले. त्यांच्यासाठी संगणकावर ‘एनव्हीडीए’ बसवलं होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे साधन फुकट मिळतं. मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने ते २००६ साली सुरू केलं. ते कानात इतक्या वेगाने बोलतं, की मुहूर्त टळत आलेला भटजी त्यामानाने सावकाश. त्यांना उंदीर म्हणजे माउस उपयोगाचा नाही. सगळा संगणक त्यांना बोटांनी चालायचा असतो. आणि त्या चालण्यातली मुख्य कळ, जिच्या जोडीने बाकीच्या कळा दाबायच्या, ती असते इन्सर्ट. इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे पुढे वाचत जा. इन्सर्ट आणि टी म्हणजे कुठे आहे ते सांग. हवं तर हे काम कॅप्स लॉकलाही देता येतं, म्हणजे आपल्या तीन खलपात्रांपैकी दोघं इथे नायक!

त्यांनी बसल्याबरोबर बोट नेमक्या जागी नेलं आणि ते खळग्यात गेलं. त्यांनी आजूबाजूच्या कळा चाचपल्या, पुन्हा त्या खळग्यात बोट घातलं आणि विचारलं, “इथली कळ कुठे गेली?”

समाजसेवक सहकारी लगबगीने टाचण्यांची डबी घेऊन आले. बोटाला दोन टाचण्या टोचून घेऊन त्यांनी कळ शोधली आणि दाबून बसवली. “माफ करा हं साहेब. आम्हांला वाटलं, ही कुणाच्याच उपयोगाची नाही.”

“असू द्या हो,” ते म्हणाले. “डोळा दुखला तर लोक दवाखान्यात जातात. माझा टाचण्यांच्या डबीत निघाला, एवढंच.”

नंतर दिवसभर त्यांनी इतक्या झपाट्याने काम केलं, की रांगेतल्या माणसांना पासबुक उघडायला वेळ मिळेना.

तेव्हा राखून ठेवलेला निकाल असा. कळफलक हा चांगला ग्रंथ आहे, आणि त्यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तो प्रत्येक हाताला आपापला पाठ तयार करू देतो. हा हक्क ज्याच्या हाताचा त्याचाच. भाच्याने आपल्या वेगळ्या खात्यात कळांची खुशाल उलथापालथ करावी. तशी त्याने आता केलीही आहे, आणि सौ.ची शिफ्ट तिला परत मिळाली आहे. प्रणाली बनवणाऱ्यांनी नव्या कळा जरूर आणाव्यात, पण निदान वर्षभर जुन्यांना त्यांचं काम करू द्यावं. नवी सून आली तरी पहिल्या दिवशी कुणी सासूच्या वाट्या हलवत नाही. आणि एखादी कळ कुणाच्याच कामाची नाही असं ठरवण्याआधी, ती कुणाच्या बोटाखाली आहे ते विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत. वर्डची ती चौकटसुद्धा विचारते, आणि ती तर साधी चौकट आहे.

राहता राहिलं स्क्रोल लॉक. ते नेमकं कुणाच्या उपयोगाचं, याचा आमच्या शाखेत अजून शोध लागलेला नाही. पण चिमटा मात्र आता कुणी त्याच्या जवळ नेत नाही. न जाणो, उद्या कुणाची तरी बदली होऊन यायची.